एक्सप्रेसवेवर अपघात झाला की कोण काय करतं, कोणाचं ऐकायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगतो, मी पोलीस नाही, डॉक्टर नाही, घाटाच्या पायथ्याला छोटं दुकान आहे माझं. पण गेली बरीच वर्षं रात्री-अपरात्री फोन आला की शटर अर्धवट टाकून पळणाऱ्यांपैकी एक आहे. नवीन पोरं मदतीला यायला लागली की तेच तेच प्रश्न विचारतात, गाडीवाले वेगळेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. यातलं बरंचसं मुंबई-पुणे एक्सप्रेसवेबद्दल आहे, कारण मला तोच रस्ता माहितीय.

अपघात दिसला, फोन कुठे करू? ११२, १०८ की १०३३?

जखमी दिसत असेल तर ११२ किंवा १०८, जो आधी लागेल तो. ११२ वर पोलीस, फायर, अँब्युलन्स तिन्हीसाठी मदत मागता येते, १०८ ही सरकारी अँब्युलन्स, फुकट. १०३३ हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा नंबर आहे आणि एक्सप्रेसवे आहे एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, त्यामुळे इथे १०३३ पासून सुरुवात करू नका, नाशिक-सातारा बाजूला राष्ट्रीय महामार्गावर असाल तर तो कामाचा. एक्सप्रेसवेचा स्वतःचा हेल्पलाइन नंबर असतो, टोल भरताना किंवा कडेच्या बोर्डावर दिसला की तेव्हाच सेव्ह करा, अपघातानंतर बोर्ड शोधत बसायला वेळ नसतो.

आणि "कोणीतरी केलाच असेल फोन" हे डोक्यातून काढा. दोनशे गाड्या बाजूने गेल्या आणि पहिला फोन पंधरा मिनिटांनी आला, असं मी स्वतः बघितलंय.

ठिकाण कसं सांगायचं? मला तर कळतच नाही मी कुठे आहे.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि कोणी विचारत नाही. मदत उशिरा पोचते त्यातल्या निम्म्या वेळा गाडी लांब असते म्हणून नाही, तर गाडी चुकीच्या बाजूला पळते म्हणून. एक्सप्रेसवेवर मध्ये डिव्हायडर आहे, पुण्याकडून मुंबईला जाणाऱ्या लेनवरचा अपघात असेल आणि अँब्युलन्स मुंबईहून पुण्याच्या लेनवर सुटली तर तिला समोर अपघात दिसतो पण पोचता येत नाही, पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन परत फिरून यावं लागतं, घाटात तर हा फेरा फार मोठा पडतो.

म्हणून तीन गोष्टी सांगा. एक, किलोमीटर, कडेला पाट्या असतात त्यावरचा आकडा. दोन, लेन, म्हणजे "मुंबईकडे जाणारी" की "पुण्याकडे जाणारी". नुसतं "मुंबई लेन" म्हणू नका, त्याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो, कोणाला मुंबईकडून येणारी वाटते कोणाला मुंबईकडे जाणारी. तीन, जवळची खूण. भाताण बोगदा, माडप बोगदा, खालापूर टोल, फूड मॉल, आडोशी बोगदा, खंडाळा बोगदा, कामशेत बोगदा, उर्से टोल, यातलं काहीही आणि त्याच्या अलीकडे की पलीकडे. गूगल मॅपचं लोकेशन पाठवता आलं तर पाठवा, पण तोंडी सांगा आधी, कारण घाटात वरचा रस्ता आणि खालचा रस्ता मॅपवर एकमेकांना चिकटलेले दिसतात.

१४ ऑगस्ट २०२२ ला पहाटे माडप बोगद्याजवळ शिवसंग्राम पक्षाचे नेते विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला, त्यात ते गेले, त्यानंतर मदत किती वेळात पोचली यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्या प्रकरणात कोणाचं चुकलं यात मी पडत नाही. पण आमच्याकडे तेव्हापासून नवीन पोराला पहिल्या दिवशी पट्ट्या बांधायला नाही, ठिकाण सांगायला शिकवतो.

नेमक्या किती यंत्रणा येतात? सगळे वेगवेगळ्या रंगाच्या जॅकेटमध्ये दिसतात, कोण कोण आहे कळत नाही.

महामार्ग पोलीस येतात, पळस्पे, बोरघाट, खंडाळा, वडगाव अशी त्यांची मदत केंद्रं आहेत, ट्रॅफिक थांबवणं-वळवणं हे त्यांचं. स्थानिक पोलीस स्टेशनवाले येतात, गुन्हा आणि पंचनामा त्यांचा. रस्ता चालवणाऱ्या कंपनीची पेट्रोलिंग गाडी, क्रेन आणि अँब्युलन्स येते. 'देवदूत' नावाची रेस्क्यू टीम आहे, कटर-स्प्रेडर, आग विझवायचं थोडं सामान त्यांच्याकडे असतं, पत्रा कापून माणूस काढायचा असेल तर तीच. मग १०८ ची अँब्युलन्स, नगरपालिकेचा नाहीतर जवळच्या कारखान्याचा बंब, सुरक्षा महामंडळाचे जवान, आणि आमच्यासारखे, म्हणजे खोपोलीतली 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' वाली मंडळी, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, यशवंती हायकर्स, गावातली पोरं. महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ पासून 'मृत्युंजय दूत' म्हणून योजना काढली, ढाबेवाले, पंपावरचे कामगार, रस्त्याकडेच्या गावातले लोक यांना प्रथमोपचार शिकवून स्ट्रेचर वगैरे द्यायचं, त्यातलेही काही येतात.

म्हणजे माणसं कमी पडतात असं नाहीये हो. मोठ्या अपघाताला अर्ध्या तासात चाळीस-पन्नास जण जमतात. अडचण अशी की चाळीस जणांना एकमेकांचा फोन नंबर माहीत नसतो आणि प्रत्येकाला वाटतं आपणच आधी आलो.

मग साहेब कोण? कोणाचं ऐकायचं?

कागदावर उत्तर आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे, घटनास्थळी एक कमांडर, त्याच्या हाताखाली कामाची वाटणी, सगळं छान लिहिलंय. पण रात्री अडीच वाजता तीन गाड्या एकमेकांत घुसल्यात तिथे जिल्हाधिकारी येणार नाहीत आणि यायची गरजही नाही.

प्रत्यक्षात चालतं ते असं. रस्ता, गाड्या, गर्दी यांचा साहेब महामार्ग पोलिसांचा हजर असलेला वरिष्ठ माणूस, मग तो एपीआय म्हणजे सहायक निरीक्षक असो की हवालदार. आग, गळती, अडकलेला माणूस यांचा साहेब बंबाचा किंवा रेस्क्यू टीमचा लीडर, तो "मागे व्हा" म्हणाला की पोलिसांनीसुद्धा मागे व्हायचं. पेशंटचा साहेब अँब्युलन्सचा डॉक्टर, कोणाला आधी न्यायचं हे तोच ठरवणार, ओळखीचा नगरसेवक नाही. आणि या तिघांनी एकमेकांपासून दहा पावलांवर उभं राहायचं. एवढं एक जमलं ना तर बाकी बरंच जमतं. पोलिसांचा वायरलेस वेगळा, कंपनीचे वॉकीटॉकी वेगळे, १०८ चा मोबाईल वेगळा, एकाचा आवाज दुसऱ्याला जात नाही, त्यामुळे समोरासमोर उभं राहून बोलणं हाच आपला कॉमन चॅनल.

तुम्ही मदतीला पोचलात तर पहिलं वाक्य हे असावं: "साहेब, आम्ही चार जण आलोय, एक स्ट्रेचर आहे, कुठे लागू?" सरळ गाडीत हात घालू नका.

हद्दीचा वाद खरंच होतो का?

होतो, पण लोक समजतात तसा नाही. एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटर, कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत, आणि एवढ्यात नवी मुंबई आयुक्तालय, रायगड जिल्हा, पुणे ग्रामीण, पिंपरी-चिंचवड आयुक्तालय अशी चार पोलीस घटकांची हद्द लागते. जखमीला हलवायला हद्द आडवी येत नाही, येऊ देऊ नये. हद्द लागते ती नंतर, गुन्हा कुठे, पंचनामा कोण करणार, गाडी कुठल्या आवारात लावायची. घाट चढताना एका ठराविक पाटीनंतर जिल्हा बदलतो आणि पाटीच्या बरोब्बर खाली ट्रक उलटला की मग मोजमाप सुरू होतं, हसू नका, झालेलं आहे.

अपघाताच्या जागी मदतीच्या गाड्या कशा लावायच्या?

यावर मी तासभर बोलू शकतो, आवरतं घेतो.

'मागे' म्हणजे जिकडून ट्रॅफिक येतंय ती बाजू, 'पुढे' म्हणजे ट्रॅफिक जिकडे चाललंय ती, हे आधी पक्कं करा कारण सगळा घोळ इथेच होतो. सगळ्यात जड गाडी, म्हणजे बंब किंवा मोठी क्रेन नाहीतर पोलिसांची मोठी व्हॅन, ती अपघाताच्या मागे, थोडं अंतर सोडून तिरकी लावायची. ती ढाल आहे. मागून कोणी झोपेत आलाच तर त्याने लोखंडाला धडकावं, माणसांना नाही. तिची पुढची चाकं अपघाताच्या जागेपासून बाहेर वळवून ठेवायची, म्हणजे धक्का बसून ती सरकली तरी माणसांच्या अंगावर जाणार नाही. अँब्युलन्स मात्र पुढे लावायची, ढालीच्या आडोशाला, मागचं दार अपघाताकडे, कारण पेशंट भरला की तिला समोर मोकळा रस्ता हवा. आपल्याकडे उलटं होतं, अँब्युलन्स मागून येते आणि जिथे थांबेल तिथे थांबते, मग तिच्यामागे क्रेन, क्रेनमागे साहेबांची गाडी, त्यामागे चॅनलवाल्यांची गाडी, आणि पेशंट आत असताना अँब्युलन्स बाहेर काढायला चार ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. एकदा मी स्वतः एका इनोव्हाची काच वाजवत होतो, आत कोणीच नाही, मालक कठड्यावर उभा राहून व्हिडिओ काढत होता.

ड्रायव्हरने गाडी सोडून जायचं नाही आणि किल्ली गाडीलाच ठेवायची, हा आमचा नियम आहे.

रात्री हेडलाइट बंद. पाच गाड्यांचे लाल-निळे दिवे आणि वर हेडलाइट चालू असले की मागून येणाऱ्याला नुसता झगमगाट दिसतो, त्यात रस्त्यावर उभा असलेला माणूस दिसतच नाही. पिवळे ब्लिंकर पुरे.

ट्रॅफिकला सावध करायचे कोन (शंकू) किती लांब लावायचे? दहा पावलांवर चालतील का?

नाही चालणार. ताशी १०० ने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. माणसाला बघून, समजून, पाय ब्रेकवर जायला दोन सेकंद धरा, ५५ मीटर तिथेच गेले, अजून ब्रेक लागायचाय. कार थांबेपर्यंत शंभराच्या वर जाते, भरलेला ट्रक तर विचारू नका. म्हणून पहिला कोन निदान दीडशे-दोनशे मीटर मागे, आणि घाटात वळण असेल तर वळणाच्याही मागे, वळण संपल्यावर लावलेला कोन कोणाच्या उपयोगाचा नाही. लावताना कठड्याच्या बाजूने, तोंड येणाऱ्या ट्रॅफिककडे ठेवून चालत जायचं. कोन नसतील तर झाडाच्या फांद्या लावतात आपले ट्रकवाले, वाईट नाही ते, फक्त रात्री दिसत नाहीत आणि नंतर कोणी उचलत नाही.

एवढं काटेकोर कशाला? आधीच अपघात झालाय, अजून काय होणार?

दुसरा अपघात होणार. ५ जून २०१६ ला शेडुंगजवळ एक्सप्रेसवेच्या कडेला थांबलेल्या दोन गाड्यांना बस धडकली, १७ माणसं गेली. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्री समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ आरटीओच्या पथकाने थांबवलेल्या ट्रकवर मागून टेम्पो ट्रॅव्हलर आदळली, १२ जण गेले, नाशिककडे परत निघालेले भाविक होते ते. दोन अधिकाऱ्यांना अटक झाली त्यात. दोन्ही ठिकाणी मूळ गोष्ट एकच, वेगाच्या रस्त्यावर कोणीतरी थांबलेलं होतं. कडेची पट्टी ही सुरक्षित जागा नाही, तिथे गाडी बंद पडली तरी माणसांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं, गाडीत बसायचं नाही, गाडीच्या मागे तर अजिबात नाही.

आधी जखमींना बाहेर काढायचं ना, बाकी सगळं नंतर?

पटकन वाटतं तसं, पण नाही. आधी मागचं ट्रॅफिक सांभाळायला एक माणूस, मग वास-धूर-गळती बघणं, मग गाडी हलणार नाही याची खात्री, म्हणजे चाकाखाली दगड, हँडब्रेक, बॅटरीची वायर काढता येत असेल तर काढणं, मग माणूस. गाडी पेटतेय किंवा पेटणारच आहे असं दिसत असेल तर सगळे नियम बाजूला, ओढून काढा. पण पेटत नसेल आणि माणूस शुद्धीत असेल, मान दुखतेय म्हणत असेल, तर त्याला तसाच धरून ठेवा, डोकं दोन्ही हातांनी स्थिर, आणि बोलत राहा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडकं दाबून धरा, सोडू नका. पाणी पाजू नका, हे तर प्रत्येक वेळी सांगावं लागतं, कोणीतरी मायेने बाटली घेऊन येतंच.

ट्रकच्या केबिनमध्ये पाय अडकलेला ड्रायव्हर असतो, तिथे दोरी बांधून दुसऱ्या ट्रकने स्टीअरिंग ओढायची पद्धत आहे आपल्याकडे. कधी जमतंही. पण ओढताना पत्रा पायात अजून घुसलेला मी बघितलाय, त्यामुळे कटरवाली टीम दहा मिनिटांवर असेल तर दहा मिनिटं थांबा, आणि किती मिनिटांवर आहे हे आधी फोन करून विचारा, अंदाजाने नाही.

बस उलटलीय, तीस-चाळीस जखमी आहेत. कोणाला आधी?

जो सगळ्यात जोरात ओरडतोय त्याला नाही. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. लाल, पिवळा, हिरवा, काळा अशी वाटणी असते, लाल म्हणजे आत्ता नेलं नाही तर जाईल, पिवळा थांबू शकतो, हिरवा चालू शकतो, काळा म्हणजे गेलेला. "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या" असं मोठ्याने ओरडा, अर्धी गर्दी एका वाक्यात बाजूला होते.

दुसरी चूक म्हणजे सगळे एकाच हॉस्पिटलला. जवळच्या छोट्या दवाखान्यात वीस जण नेऊन टाकले तर तिथल्या दोन डॉक्टरांनी काय करायचं? ओझर्डेचं ट्रॉमा सेंटर, पनवेल, कामोठे, निगडी, खोपोली अशी वाटणी कंट्रोल रूमला विचारून करायची.

आणि एक वही. खरंच, दहा रुपयांची वही. कोणता पेशंट, कोणत्या अँब्युलन्समधून, कुठे गेला, वाजले किती. एका रात्री एक बाप आपल्या मुलीला शोधत तीन हॉस्पिटलं फिरला, मुलगी पहिल्याच हॉस्पिटलमध्ये होती, फक्त नाव कोणी लिहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या बॅगेत वही आणि दोन पेन असतात, एक चालत नाही म्हणून.

केमिकलचा टँकर उलटला तर?

लांब. इतका साधा नियम आहे. डिझेल-पेट्रोल असेल म्हणून बादल्या घेऊन भरायला जाऊ नका, हे सांगायला लाज वाटते पण सांगावं लागतं.

टँकरच्या मागे आणि बाजूला एक फलक असतो, त्यावर चार आकडी यूएन नंबर, धोक्याची खूण आणि इमर्जन्सीचा फोन नंबर. मोटार वाहन नियमांप्रमाणे तो असलाच पाहिजे, आणि ड्रायव्हरकडे त्या मालाचं माहितीपत्रक, ज्याला ट्रेम कार्ड म्हणतात. लांबून मोबाईलने झूम करून फोटो काढा आणि नंबर फोनवर सांगा. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १२३० मिथेनॉल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. हे चार आकडे कंट्रोल रूमला कळले की बंबवाल्याला काय घेऊन यायचं ते कळतं. मिथेनॉलवर आग विझवायचा साधा फोम टिकत नाही, विरघळतो, त्याला अल्कोहोलवर चालणारा वेगळा फोम लागतो, आणि दिवसा उजेडात मिथेनॉलची ज्वाला धड दिसतसुद्धा नाही, म्हणजे "काही पेटलेलं नाही" म्हणून माणूस आगीत चालत जाऊ शकतो. एलपीजीचा टँकर आगीत सापडला तर चारही बाजूंनी १,६०० मीटर मोकळं करा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. दीड किलोमीटरच्या वर! घाटात याचा अर्थ दोन्ही लेन बंद, जुना रस्ता बंद, कधी खालची वस्तीसुद्धा.

१३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, आणि जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार जण गेले, त्यात खालून जाणारेही होते, ज्यांचा वरच्या रस्त्याशी काही संबंध नव्हता. मी तेव्हापासून पुलावरच्या अपघाताला गेलो की पहिला प्रश्न विचारतो, "खाली कोण आहे?" वरचा रस्ता एका यंत्रणेचा, खालचा दुसऱ्याचा, त्यामुळे खालचा रस्ता बंद करायला सांगायचं कोणी हे आधी ठरलेलं पाहिजे.

वारा कुठून येतोय ते बघा, वारा जिकडून येतोय त्याच बाजूला राहा, खोलगट जागेत उभे राहू नका, बरेच वायू हवेपेक्षा जड असतात आणि खाली साचतात. सिगारेट विझवा हे वेगळं सांगायला नको.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

बंबवाल्यांना आधीच सांगा, एवढंच तुमचं काम. सीएनजीचा वॉल्व्ह माहीत असेल तर बंद करा. इलेक्ट्रिकमध्ये केशरी रंगाच्या जाड केबलला हात लावू नका, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी परत पेटू शकते त्यामुळे ती गाडी दुसऱ्या गाड्यांना चिकटून लावायची नाही.

क्रेन इतकी उशिरा का येते?

क्रेन बऱ्याचदा जवळच असते, ती ट्रॅफिकमध्ये अडकते. अपघात झाला की दहा मिनिटांत तिन्ही लेन आणि कडेची पट्टी गाड्यांनी भरते, कारण प्रत्येकाला वाटतं पट्टीवरून आपण पुढे निघू. ती पट्टी बंब, क्रेन आणि अँब्युलन्ससाठी आहे. ती भरली की पोलिसांना पुढच्या बाजूने, मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून, उलट्या दिशेने क्रेन आणावी लागते, आणि तसं आणायचं तर पुढून कोणी येत नाही याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं. इमर्जन्सी गाडीला वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड आहे, मोटार वाहन कायदा कलम १९४ ई.

दुसरं कारण, क्रेन चुकीची येते. चाळीस टनी कंटेनर आडवा पडलाय आणि फोनवर "ट्रक उलटलाय" एवढंच सांगितलं तर हायड्रा म्हणजे छोटी क्रेन येणार, ती येऊन बघणार, मग मोठी मागवणार, गेला दीड तास. म्हणून फोनवर सांगा: गाडी कसली, भरलेली की रिकामी, आडवी की उलटी, माल काय, कठड्यात अडकलीय का.

पूर्ण रस्ताच का बंद करता? एक लेन चालू ठेवा ना!

कधी कधी ठेवतातही. पण क्रेनचा हात फिरायला जागा लागते, लोखंडी दोर तुटला तर तो चाबकासारखा फिरतो, आणि डिझेल सांडलेल्या उतारावर बाइकस्वार किंवा ट्रक सोडला तर पुढे अजून एक काम वाढतं. माती टाकून, पाण्याने धुऊन, मगच सोडतात. शिवाय पंधरा-वीस मिनिटांचा पूर्ण ब्लॉक घेऊन काम उरकलं तर ते तीन तासांच्या एका लेनपेक्षा बरं पडतं, हे माझं मत नाही, ज्यांनी दोन्ही करून बघितलंय त्या हवालदारांचं आहे.

उलट बाजूची लेन मोकळी असूनही तुंबते ती मात्र आपल्याच कृपेने. सगळे बघायला स्लो होतात.

दरीत गाडी गेली तर कोण उतरतं?

गिर्यारोहक पोरं. १५ एप्रिल २०२३ ला पहाटे जुन्या मुंबई-पुणे हायवेवर शिंगरोबा मंदिराजवळ ढोल-ताशा पथकाची बस दरीत गेली, १३ गेले, तेव्हा दोर लावून खाली उतरायला आणि जखमी वर काढायला स्थानिक ट्रेकर मंडळी होती. इथे समन्वय वेगळा लागतो: दोर कुठे बांधायचा, वरून दगड सुटणार नाहीत म्हणून बघे लोकांना कडेवरून मागे ढकलायचं, वर-खाली आवाज पोचवायला मध्ये एक माणूस. सगळ्यात जास्त त्रास उत्साही माणसांचा होतो, जे चप्पल घालून खाली उतरतात आणि मग त्यांनाच वर काढावं लागतं.

मी मदत केली तर पोलीस माझ्याच मागे लागतील ना?

नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये हे स्पष्ट केलं, मग २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ मोटार वाहन कायद्यातच आलं. जखमीला हॉस्पिटलला सोडून तुम्ही निघू शकता, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्यावर. तरी एखादा अडवतोच कधी, मलाही एका ठिकाणी सकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं, पण ती जुनी गोष्ट. उलट आता 'राह-वीर' योजनेत जीव वाचवणाऱ्याला २५,००० रुपये बक्षीस आहे.

जखमीच्या बिलाचं काय? हॉस्पिटल आधी डिपॉझिट मागतं.

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत उपचार, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात. पोलिसांकडे अपघाताची नोंद लवकर होणं यासाठी गरजेचं, म्हणून नातेवाइकांना सांगा की पोलिसांशी बोलायला टाळाटाळ करू नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवलं तर चालतं का?

फोन करा, मग ग्रुप. आमच्या ग्रुपवर एक फॉरमॅट ठरवलाय: वेळ, किलोमीटर, कुठल्या बाजूची लेन, गाड्या, जखमी अंदाजे, अडकलेत का, काय हवंय. उदाहरणार्थ "२.४० वाजले, किमी ४१, मुंबईकडे जाणारी, ट्रेलर-कार, दोन जखमी एक अडकलेला, कटर हवा." बस्स. हात जोडलेले इमोजी आणि "देव त्यांना शक्ती देवो" यांच्यात खरा मेसेज वाहून जातो. काम झालं की "लेन सुटली, कोणी येऊ नका" हा मेसेजही टाका, नाहीतर पहाटेपर्यंत अँब्युलन्सा येत राहतात. जखमींचे, मृतांचे फोटो नाहीत. एकाही ग्रुपवर नाहीत. घरच्यांना बातमी आधी फोटोतून कळलेली आहे, मी तिथे होतो.

आता कॅमेरे लागलेत ना, मग फोनची काय गरज?

जुलै २०२४ पासून एक्सप्रेसवेवर आयटीएमएसचे, म्हणजे ट्रॅफिकवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे, कॅमेरे सुरू आहेत, वेग, लेन तोडणं, सीटबेल्ट यांची चलनं घरी येतात, कंट्रोल रूमला रस्ता दिसतो. चांगलं आहे. पण कॅमेऱ्याला अडकलेल्या माणसाचा पाय दिसत नाही आणि वास येत नाही.

समृद्धीवरही हेच सगळं लागू?

तत्त्व तेच, अंतरं वेगळी. ७०१ किलोमीटरचा रस्ता, इंटरचेंज लांब-लांब, आजूबाजूला वस्ती विरळ, त्यामुळे गावातली पोरं पाच मिनिटांत पोचतील हे गृहीत धरता येत नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ जण गेले, तिथे बाहेरच्या मदतीला मिळालेला वेळ काही मिनिटांचाच होता. म्हणून बसमध्ये बसल्यावर इमर्जन्सी खिडकी कुठली आणि काच फोडायची हातोडी खरंच जागेवर आहे का, ते बघून घ्या.

गाडीतलं सामान, मोबाईल, पैसे कुठे जातात?

पोलिसांच्या पंचनाम्यात जायला हवेत. तुमच्या हाताला काही लागलं तर खिशात ठेवू नका, "नंतर देतो" म्हणून तर नाहीच, तिथल्या तिथे पोलिसाला देऊन वहीत लिहा, शक्य तर दुसऱ्याच्या समोर. वाजणारा मोबाईल असेल तर उचलायचा की नाही हे पोलिसांना विचारा. बहुतेक वेळा स्क्रीनवर 'आई' किंवा 'घर' असतं.